शितावरून भाताची परीक्षा : राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि आपल्या शाळा

४ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळांमध्ये एकाच दिवशी एक चाचणी घेण्यात आली. तिसरी, सहावी व नववी या तीन इयत्तांतील २१,१५,०२२ विद्यार्थी या चाचणीस बसले. चाचणी दीड-दोन तासांत संपली. कोणाला गुणपत्रिका मिळाली नाही, कोणी उत्तीर्ण झाले नाही आणि कोणी अनुत्तीर्णही झाले नाही. 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वृत्तपत्रांतून त्यांची काही दिवस चर्चाही झाली.

अशी सर्वेक्षणे यापूर्वीही झाली आहेत आणि पुढेही होणार आहेत. अशा वेळी शाळांनी त्यांची तयारी कशी करावी, निष्कर्ष हाती आल्यावर काय करावे, आणि अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्यांत कोणता वाटा उचलावा, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. सर्वेक्षणाचा हेतू नीट ध्यानात आला नाही तर तयारीच्या नावाखाली अध्यापनाचे दिवस वाया जातात. आणि ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप केला जातो, ती मुलेच आकड्यांच्या आड दिसेनाशी होतात.

सर्वेक्षण म्हणजे परीक्षा नव्हे

मुलांना प्रत्यक्षात काय येते, हे पाहण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. १९९१ च्या सुमारास प्राथमिक शिक्षणातील किमान अध्ययन क्षमता निश्चित करण्यात आल्या. त्या काळी सेवेत असलेल्या शिक्षकांना क्षमतांच्या त्या याद्या आजही स्मरत असतील. २००१ नंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने निरनिराळ्या इयत्तांची राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे टप्प्याटप्प्याने हाती घेतली. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांचे सर्वेक्षण प्रथमच जिल्हा हा घटक मानून एकाच दिवशी करण्यात आले. त्याच वर्षी इयत्तानिहाय 'अध्ययन निष्पत्ती' निश्चित होऊन शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत त्यांना स्थान मिळाले. त्यानंतर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी व दहावी या इयत्तांतील सुमारे ३४ लक्ष विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील शिफारशीनुसार २०२३ मध्ये 'परख' हे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि २०२४ चे सर्वेक्षण त्याच्या मार्गदर्शनाखाली पार पडले. नव्या धोरणातील पायाभूत, पूर्वतयारी व मध्यम हे टप्पे ओलांडून आलेल्या मुलांचे संपादन पाहता यावे, यासाठी या वेळी तिसरी, सहावी व नववी या इयत्तांची निवड करण्यात आली.

या सर्व सर्वेक्षणांचा गाभा एकच आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सगळे भांडे रिकामे करीत नाही. चार शिते दाबून पाहते. परंतु ती शिते भांड्याच्या कोणत्याही भागातून घेतलेली असली पाहिजेत. वरवरची मऊ शिते तेवढीच निवडून घेतली तर तळाचा भात कच्चा राहिल्याचे कळणार नाही. सर्वेक्षणातील शाळांची निवड म्हणूनच जिल्ह्याच्या पातळीवर होत नाही. ती संख्याशास्त्रीय पद्धतीने केंद्रीय यंत्रणेकडून होते. वर्गात तीसपेक्षा अधिक मुले असल्यास त्यांतून ठरावीक मुले निवडली जातात आणि ही निवड वर्गशिक्षकाने करावयाची नसते. चाचणी घेणारे क्षेत्रीय अन्वेषक त्या शाळेबाहेरचे असतात. प्रश्नपुस्तिकांचेही निरनिराळे संच असतात. विद्यार्थी, शिक्षक व शाळा यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या असून मुलाची घरची भाषा, शाळेतील सोयी, शिक्षकांवरील कामाचा भार अशा बाबींची नोंद त्यांत होते.

या रचनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. हे सर्वेक्षण जिल्ह्याच्या व राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचे मोजमाप करते. एखादा विद्यार्थी, शिक्षक किंवा शाळा यांचे ते मोजमाप नव्हे, आणि ते तसे होऊही शकत नाही. आपल्याकडील द्विशिक्षकी शाळेच्या तिसरीच्या वर्गात अनेकदा आठच मुले असतात. त्यांपैकी एक मूल तापाने घरी राहिले किंवा एखाद्या मुलाला प्रश्न उमगला नाही, तर वर्गाचा निकाल साडेबारा टक्क्यांनी बदलतो. अशा आकड्यांवरून त्या शिक्षकाचे मूल्यमापन करणे म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून साऱ्या मोसमाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. हजारो मुलांची सरासरी घेतली की अशा योगायोगाचा परिणाम फारसा उरत नाही. म्हणून जिल्ह्याचा आकडा विश्वसनीय ठरतो. शाळेचा ठरत नाही.

आकडे काय सांगतात

२०२४ च्या सर्वेक्षणात गणिताची राष्ट्रीय सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के आढळली. भाषेची सरासरी याच क्रमाने ६४, ५७ व ५४ टक्के होती. २०२१ चे सर्वेक्षण ५०० गुणांच्या श्रेणीवर मांडलेले होते. त्यात गणिताची सरासरी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत २१६ अशी होती.

हे आकडे वाचताना दोन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले असे की, २०२१ व २०२४ या दोन सर्वेक्षणांच्या इयत्ता वेगळ्या आणि मोजपट्ट्याही वेगळ्या आहेत. त्यामुळे एकातून दुसरा आकडा वजा करून प्रगती किंवा अधोगती काढता येणार नाही. दुसरे असे की, प्रत्येक इयत्तेची प्रश्नपुस्तिका निराळी असते. म्हणून तिसरीच्या ६० आणि नववीच्या ३७ यांची तुलनाही जपूनच करावी लागते. तरीसुद्धा दोन्ही सर्वेक्षणांत इयत्तेगणिक गणिताचा आलेख उतरत जातो, आणि तो भाषेपेक्षा अधिक वेगाने उतरतो, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. गणितात मागील इयत्तेची थकबाकी पुढील इयत्तेच्या खात्यावर व्याजासह चढते. दुसरीत स्थानिक किंमत कच्ची राहिली तर चौथीत हातच्याची वजाबाकी अडते. चौथीत भागाकार अडला तर सहावीत अपूर्णांक व आठवीत बीजगणित अडते. नववीच्या निकालाची कारणे नववीच्या वर्गात शोधून सापडत नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आकड्यांच्या वाचनात घाई केल्यास कसा गैरसमज होतो, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सहावीच्या ५३ टक्केच मुलांना दहापर्यंतचे पाढे येतात, असा अर्थ निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर अनेक ठिकाणी लावला गेला. मुळातील निष्पत्ती अधिक व्यापक आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांतील परस्परसंबंध समजणे, दहापर्यंतचे पाढे येणे आणि या क्रियांच्या आधारे दैनंदिन व्यवहारातील उदाहरणे सोडविणे, हे सारे तिच्यात अंतर्भूत आहे. ज्या मुलाला साताचा पाढा मुखोद्गत आहे, पण सात मुलांना प्रत्येकी सहा वह्या द्यावयाच्या तर किती वह्या आणाव्यात हे सांगता येत नाही, तेही उरलेल्या ४७ टक्क्यांत मोडते. अशा मुलाकडून पुन्हा पाढेच घोटून घेतले, तर औषध भलत्याच रोगावर दिल्यासारखे होईल.

तयारीची आडवाट

सर्वेक्षणाची तारीख जवळ आली की अनेक ठिकाणी एक ठरावीक चित्र दिसू लागते. सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शाळांत पोहोचतात. ज्या इयत्तांचे सर्वेक्षण व्हावयाचे त्यांना जादा तास लागतात आणि पहिली-दुसरीचे वर्ग नुसते सांभाळले जातात. पाठातील आशय समजावून देण्याऐवजी चार पर्यायांतून उत्तर ओळखण्याच्या युक्त्या शिकविल्या जातात. सरावाच्या गुणांचे तक्ते रोज वर पाठवावे लागतात आणि ते भरण्यात शिक्षकांचा पुष्कळसा वेळ खर्ची पडतो. यामागील हेतू वाईट असतो असे नाही. आपला जिल्हा मागे पडू नये ही भावना स्वाभाविक आहे. तथापि, या धावपळीतून मुलांच्या पदरात फारसे काही पडत नाही.

एवढे मात्र खरे की, उत्तराचे वर्तुळ रंगविण्याची ओएमआर उत्तरपत्रिका मोठ्या मुलांना एकदा दाखविणे, तिसरीच्या मुलांना पर्यायी प्रश्नाचा नमुना समजावून देणे, परका माणूस वर्गात येणार आहे याची त्यांना कल्पना देणे, ही तयारी रास्तच आहे. अनोळखी कागदाच्या भीतीने येत असलेले उत्तर चुकू नये, एवढाच तिचा हेतू असतो. त्यासाठी दोन-तीन तासिका पुरेशा आहेत. दोन-तीन महिने लागण्याचे कारण नाही.

मोजमापावर बक्षीस वा शिक्षा अवलंबून ठेवली की मोजमापच दूषित होऊ लागते, हा सामाजिक व्यवहारातील अनुभव अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात सिद्धान्तरूपाने मांडला. त्यांच्याच देशात पुढे त्याचा प्रत्यय आला. २००२ मध्ये अमलात आलेल्या एका कायद्याने तेथील तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची वाचन व गणित यांची वार्षिक चाचणी बंधनकारक केली आणि अपेक्षित प्रगती न दाखविणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. अटलांटा शहरातील शाळांचे गुण वाढत गेले व त्यांचे कौतुकही झाले. परंतु २०११ मध्ये जॉर्जिया राज्याच्या चौकशीत ४४ शाळांतील गैरप्रकार उघडकीस आले आणि १७८ शिक्षक व शाळा-प्रमुखांचा त्यांत सहभाग असल्याचे नमूद झाले. मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरे खोडून त्या जागी बरोबर उत्तरे भरण्यात आली होती. वाचता न येणारी मुले कागदावर हुशार ठरली आणि जादा मदतीची गरज असूनही ती कोणाच्या लक्षात आली नाहीत. हा कायदा २०१५ मध्ये बदलण्यात आला. त्याच देशात १९६९ पासून दुसरे एक राष्ट्रीय सर्वेक्षण नमुना पद्धतीने चालू आहे. त्यात शाळेचे किंवा मुलाचे गुण जाहीर होत नाहीत आणि कोणाची नोकरीही त्यावर अवलंबून नसते. त्यामुळे त्याचे आकडे फुगविण्यात कोणाचाच लाभ नसतो.

आपले राष्ट्रीय सर्वेक्षण याच दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याच्या निष्कर्षांवरून शाळांची क्रमवारी लावणे, शिक्षकांना नोटिसा देणे किंवा तालुक्या-तालुक्यांत चढाओढ लावणे, म्हणजे हेतुपुरस्सर निर्धोक ठेवलेल्या साधनाला धार काढण्यासारखे आहे. तापमापकात पारा चढला म्हणून तापमापक बर्फात बुडविल्याने रोग्याचा ताप उतरत नाही.

खरी तयारी वर्षभराची

खऱ्या तयारीस सर्वेक्षणाची तारीख ठाऊक असण्याची गरज नाही. शाळा सर्वेक्षणासाठी निवडली गेली नाही तरी ती वाया जात नाही. तिचे स्वरूप पुढील काही उदाहरणांवरून लक्षात येईल.

तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, असे २०२४ च्या सर्वेक्षणात दिसून आले. मराठी माध्यमातील शिक्षकांना यामागील एक कारण चांगले परिचयाचे आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी व वीस नंतर येतो. म्हणून मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहिते. 'एकोणसाठ' या शब्दात साठ ऐकू येतो. म्हणून ते साठच्या घरातील ६९ लिहून मोकळे होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणाचीही बाजू बरोबर मानली, तरी ज्या अडचणीवर तो उपाय सुचविलेला होता ती अडचण वर्गात आहेच. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या मुलांच्या हाती देऊन 'पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या' हे त्यांच्या डोळ्यांना व हातांना पटवून दिले, तर कानाची फसगत थांबते. त्यासाठी आगपेटीच्या काड्या किंवा खराट्याच्या हिरांपेक्षा महाग साहित्य लागत नाही.

दुसरे उदाहरण अपूर्णांकांचे. सहावीच्या अवघ्या २९ टक्के मुलांना व्यवहारातील अर्धा, पाव अशा साध्या अपूर्णांकांची मांडणी व तुलना करता आली. मराठी भाषेपुरते बोलायचे झाले, तर अपूर्णांकांची एवढी समृद्ध शब्दसंपत्ती क्वचितच आढळेल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द प्रत्येक घरात रोज उच्चारले जातात. जुन्या पिढीतील मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी म्हणत मोठी झाली. आजचे मूल वाण्याकडून पाव किलो साखर आणते, 'सव्वा नऊला एसटी आहे' हे सहज समजते. परंतु फळ्यावर एक छेद चार पाहताच गोंधळते. घरातील हा 'पाव' आणि वहीतील तो 'एक छेद चार' एकच आहेत, हे सांगणारा पूल शाळेने बांधावयाचा आहे. किराणा दुकानाची यादी, दूध मोजण्याची मापे आणि घड्याळ ही त्याची साधने होत.

तिसरे उदाहरण चुकांच्या वाचनाचे. ३०४ वजा १७८ या उदाहरणाचे उत्तर १२६ असे आहे. पण वर्गातील काही मुले २७४ लिहितात. हे उत्तर सहज म्हणून चुकलेले नाही. या मुलांनी प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून चार, सातातून शून्य, तिनातून एक. म्हणजे त्यांना वजाबाकी येते, परंतु शतक मोडून दशक व दशक मोडून एकक करणे उमगलेले नाही. 'चूक' अशी लाल खूण करून वही परत दिली तर हे निदान हरवते. सर्वेक्षणातील प्रश्नांचे चुकीचे पर्यायही अशाच नेहमीच्या चुकांचा विचार करून तयार केलेले असतात. शिक्षकाने बरोबर उत्तरांच्या संख्येइतकेच लक्ष कोणती चूक किती मुलांनी केली याकडे दिले, तर दुसऱ्या दिवशी काय शिकवावे हे त्याला आपोआप कळते.

भाषेबाबतही हेच आहे. पाठाखालील प्रश्नांची तयार उत्तरे पाठ करून घेतल्याने न वाचलेला उतारा समजत नाही. रोज वीस मिनिटे मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचावे, बसथांब्यावरील वेळापत्रक, ग्रामपंचायतीची सूचना, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर वाचून त्यावर बोलावे, ही सवय अधिक मोलाची आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, पालघर अशा भागांतील पुष्कळ मुले घरी भिलोरी, पावरी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलतात. त्यांच्यासाठी शाळेची मराठी ही प्रारंभी दुसरी भाषा असते. तेथील निकाल वाचताना ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. पहिल्या दोन इयत्तांत घरच्या भाषेतून मराठीकडे नेणारा शिक्षक त्या मुलांच्या पुढील सर्व विषयांचा पाया घालीत असतो.

निष्कर्ष हाती आल्यानंतर

जिल्ह्याचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर तो कपाटात जाऊ नये, तसा तो भिंतीवर टांगण्यासाठीही नाही. त्याचा उपयोग पायरीपायरीने खाली उतरवावा लागतो.

पहिली पायरी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची. अहवालातील सर्वांत दुर्बल अशा चार-पाच निष्पत्ती निवडून त्या साध्या मराठीत, एकेका उदाहरणासह शाळांपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम आहे. वीस-पंचवीस निष्पत्तींची यादी पाठविली तर एकीवरही धड काम होत नाही.

दुसरी पायरी केंद्राची. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन नेहमीच होते. त्यातील अर्धा वेळ एका दुर्बल निष्पत्तीला द्यावा. ज्या शिक्षकाच्या वर्गात ती चांगली साधली आहे त्याने आपली रीत दाखवावी. ज्यांना अडचण आली त्यांनी मुलांच्या वह्या बरोबर आणाव्यात. दुसऱ्याच्या वर्गातील वही पाहिल्याने भाषणांपेक्षा अधिक शिकावयास मिळते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची पायरी वर्गाची. जिल्ह्याचा आकडा शिक्षकाला आपल्या वर्गातील कोणते मूल मागे आहे ते सांगत नाही. कोठे पाहावे एवढेच तो सांगतो. त्यापुढे शिक्षकानेच प्रत्येक मुलाला जवळ घेऊन वाचावयास लावावे, दोन उदाहरणे सोडवावयास द्यावीत आणि नाववार नोंद ठेवावी. राज्यात २०२३-२४ पासून पायाभूत व संकलित चाचण्या घेण्यात आल्या, त्यांचे गुण प्रत्येक मुलाचे असल्याने या कामी ते उपयोगी पडतात. मात्र गुण पोर्टलवर भरले म्हणजे काम संपले असे मानू नये. तेथून काम सुरू होते. दिवसातून एक तास मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकविले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तीच नोंद घेतली, तर काय साधले हे शिक्षकाला कोणत्याही अहवालाची वाट न पाहता कळू शकते.

अधिकाऱ्यांनी या काळात शाळाभेटीच्या वेळी प्रथम तक्ता मागण्याऐवजी प्रथम मुलाचे वाचन ऐकावे. शिक्षकाने आपल्या वर्गातील उणीव प्रांजळपणे सांगितली तर तिची नोंद त्याच्याविरुद्ध होऊ नये. उणीव सांगणाऱ्यास दोष लागतो असे एकदा दिसले, की पुढच्या वेळी सर्वच शाळांतून 'सर्व आलबेल' असा अहवाल येतो.

हजेरीपटावर असलेली, वर्गात नसलेली मुले

सर्वेक्षणाची एक मर्यादा आपल्या राज्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्या दिवशी शाळेत उपस्थित असलेल्या मुलांचीच चाचणी होते. वर उल्लेखिलेली २०१७, २०२१ व २०२४ ची सर्वेक्षणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली. आणि नेमक्या याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. पाठीमागे आजी-आजोबा नसलेली मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती. जिल्ह्याची सरासरी काढताना ही मुले हिशेबात येत नाहीत. सरासरी चांगली दिसली, तरी जे मूल वर्षातून पाच महिने शाळेत नसते त्याची स्थिती तिच्यात उमटलेली नसते.

शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत विनाअडथळा बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाचीही व्यवस्था आहे. या सोयींचा लाभ मिळण्यासाठी गावातून कोणते कुटुंब केव्हा निघणार, हे दसऱ्यापूर्वी ठाऊक असावे लागते. ही माहिती शिक्षकापेक्षा ग्रामपंचायत सदस्याला व मुकादमाला आधी असते. ती वेळेवर शाळेपर्यंत पोहोचली तर मूल गावातच राहू शकते. निदान पत्रक हाती घेऊन तरी जाते. कारखान्याच्या परिसरातील गावांनीही आपल्या शिवारात उतरलेल्या टोळ्यांतील मुले मोजून त्यांना जवळच्या शाळेत बसविणे अगत्याचे आहे.

याहून वेगळी अशी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. सर्वेक्षणाच्या दिवशी कच्च्या मुलाला 'उद्या आला नाहीस तरी चालेल' असे सूचित करण्याचा मोह कोणत्याही शाळेने धरू नये. असे केल्याने जिल्ह्याचा आकडा किंचित सुधारेल; परंतु शाळेला आपण नकोसे आहोत, हे त्या मुलाच्या मनावर कायमचे कोरले जाईल.

पंचायत आणि पालकांचा वाटा

१ मे १९६२ पासून आपल्या राज्यात ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा भार जिल्हा परिषदांनी उचलला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असून तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे वैधानिक काम आहे. तथापि, अनेक आराखड्यांत खोल्या, कुंपण व रंगरंगोटी यांचाच उल्लेख असतो. मुलांना काय येते याविषयी एक ओळही नसते.

समितीच्या बैठकीत चार साधे प्रश्न विचारले गेले तरी चित्र पालटू शकते. आपल्या तिसरीतील किती मुले न अडखळता परिच्छेद वाचतात? पाचवीतील किती मुलांना भागाकार येतो? मागील तीन महिन्यांत यांत किती फरक पडला? आणि या कामासाठी शिक्षकांना गावाकडून काय हवे आहे? शेवटचा प्रश्न विसरू नये. केवळ पहिले तीन विचारले तर ती झडती होते. चौथा विचारला की ती मदत होते. शिक्षकाचे उत्तर पुष्कळदा अगदी साधे असते. सायंकाळी मुलांना बसता येईल अशी दिव्याची जागा, वाचनालयातील बालपुस्तके, एखाद्या बारावी झालेल्या तरुणीचा रोजचा एक तास, बाजाराच्या दिवशी मुले घरी ठेवू नयेत असा गावाचा संकेत, या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

निरक्षर आईलाही यात स्थान आहे. मुलाला समोर बसवून 'आज काय वाचलेस ते मला वाचून दाखव' एवढे तिने रोज म्हटले, तर मूल अडखळते की नाही हे तिच्या कानाला कळते. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही.

राष्ट्रीय सर्वेक्षण पुन्हा होईल. शाळांची निवड होईल, अन्वेषक येतील, पुस्तिका उघडल्या जातील. त्या दिवशी जे दिसेल ते मागील तीन महिन्यांच्या सरावाचे फळ असणार नाही. पहिलीच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या शिक्षिकेच्या, वेळेवर हमी पत्रक मिळवून देणाऱ्या सदस्याच्या आणि मुलाचे वाचन ऐकणाऱ्या आईच्या अनेक वर्षांच्या कामाचे ते फळ असेल. हे काम ज्या गावात चालू आहे, त्या गावाच्या शाळेने सर्वेक्षणाच्या तारखेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.